आवाज गेला त्या वर्षीची प्रार्थना

नव्वदच्या दशकातल्या एका उन्हाळ्यात माझा आवाज गेला. गळ्यात गाठ झाली होती, ती काढावी लागली. अशा ऑपरेशनमध्ये आवाजाची नस दुखावू शकते, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, आणि नेमकं तेच झालं. शुद्धीवर आल्यावर मिस्टरांना हाक मारायला तोंड उघडलं, तर नुसता वारा बाहेर आला. "येईल हळूहळू," डॉक्टर म्हणाले, "पण नाहीच आला, तर मनाची तयारी ठेवा."

मी गाणारी बाई. शरणपूरच्या आमच्या चर्चमध्ये बाबा पेटी वाजवायचे आणि मी फ्रॉकात होते तेव्हापासून त्यांच्या शेजारी उभी राहून गायचे. नाताळ जवळ आला की संध्याकाळी आम्ही घरोघरी गाणी म्हणत फिरायचो. तेव्हा नाशिकला थंडीही कशी पडायची! गाताना तोंडातून वाफ निघायची. कुणाच्या गळ्यात ढोलकी, कुणाच्या हातात झांजा, आणि प्रत्येक घरी करंजी खाल्ल्याशिवाय सुटका नाही. लग्नानंतरही मी त्याच वस्तीत राहिले. कुणाकडे बारसं असो की आजारपण, लोक म्हणायचे, "ताई, प्रार्थना तुम्हीच करा." मी डोळे मिटायचे आणि शब्द आपोआप यायचे, ओव्यांसारखे एकामागून एक. त्या दिवसांत प्रभू मला इतका जवळ वाटायचा, की जणू शेजारच्या खोलीतच बसला आहे.

आणि आता ती खोली रिकामी वाटू लागली. सकाळी पवित्र शास्त्र उघडून बसायचे, प्रार्थनेला सुरुवात करायचे, आणि गळ्यातून ती फुसफुस ऐकून थांबायचे. मनातल्या मनात करून पाहिली, पण दोन वाक्यांनंतर मन भरकटायचं. रविवारी मिस्टर आणि लेक उपासनेला जायचे, मी स्वयंपाकघरात बसून राहायचे. वारा तिकडचा असला की गाण्याचे सूर ऐकू यायचे. मग मी उठून नळ सोडायचे. पाळकसाहेब घरी येऊन प्रार्थना करून गेले, तरी माझ्या मनात एकच होतं: गाण्यासाठी दिलेला गळा प्रभूनंच काढून घेतला, आता त्याच्याकडे जायचं तरी कशानं?

असे काही आठवडे गेले. तपासणीसाठी मिस्टरांनी मला दवाखान्यात सोडलं आणि ते कामावर गेले. डॉक्टरांना उशीर होता. मी व्हरांड्यातल्या बाकावर बसले होते. शेजारी एक वयस्कर बाई येऊन टेकली. गुडघ्यापर्यंत लुगडं, पायांना वाळलेला चिखल. सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरून ती लेकीला जीपमध्ये घालून घेऊन आली होती. लेक अडली होती, आत नेली होती. हे तिनं मला एका दमात सांगितलं. मी काहीच बोलत नाही म्हटल्यावर तिनं माझ्या गळ्यावरची पट्टी पाहिली, आणि मग साखळीतला क्रूस.

"तू येशूची नं बाई? आमच्या पाड्यावं येतात तुमची माणसं. आजाऱ्यासाठी मांगतात. माझ्या जनीसाठी मांग."

मी गळ्याला हात लावून मान हलवली. आवाज नाही, हे तिला समजावं म्हणून ओठही हलवून दाखवले.

"मंग मनात मांग," ती म्हणाली. "मला कुठं आयकायचं हाय? त्याला सांग."

तिनं माझा हात धरला. खरखरीत, घामेजलेला हात. आतून तिच्या लेकीचं कण्हणं येत होतं. मी डोळे मिटले. एकही वाक्य जुळेना. फक्त जनी, जनी, एवढंच मनात येत राहिलं. न पाहिलेल्या त्या मुलीचं नाव मी देवापुढे धरून बसले होते, बस्. किती वेळ गेला कोण जाणे. पण केव्हातरी मला जाणवलं, की मी एकटी नाही. तो होता. पूर्वी वाटायचा तसा शेजारच्या खोलीत नव्हे. त्या बाकावर, आम्हा दोघींच्या मध्ये. हे मी कुणाला पटवून देऊ शकणार नाही, आणि तसा प्रयत्नही कधी केला नाही.

माझा नंबर आला, मी आत जाऊन आले आणि पुन्हा तिच्याजवळ बसले. दुपारी तिनं फडक्यातली नागलीची भाकरी सोडली. मला गिळायला त्रास होतो हे पाहून तिनं ती चहात कुस्करून दिली. "खा. उपाशीपोटी काय मांगशील?" मिस्टर न्यायला आले तेव्हा मी खुणेनंच सांगितलं, थांबा. ते निमूटपणे माझ्या दुसऱ्या बाजूला बसले.

संध्याकाळी सिस्टर बाहेर आल्या. "मुलगी झाली. आईला रक्त द्यावं लागलं, पण आता धोका नाही." ती बाई उठलीच नाही. तिथंच बाकावर पदरात तोंड घालून रडली, आणि मीही रडले, आवाज न करता. निघताना तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. ती पुन्हा कधी भेटली नाही.

पुढच्या रविवारी मी चर्चमध्ये गेले. शेवटच्या बाकावर बसले. लोक गात होते आणि मी डोळे मिटून एकेका माणसाला मनात आणत होते. हिवाळ्यापर्यंत थोडा आवाज परतला, जाडसर, मध्येच तुटणारा. बोलता येतं. गाता मात्र पुन्हा कधी आलं नाही.

आता बाबाही नाहीत. लेक सासरी इगतपुरीला असते आणि तिथल्या चर्चमध्ये गाते. जुन्या मैत्रिणी भेटल्या की त्या नाताळच्या संध्याकाळींची आठवण काढतात. ते ऐकताना आजही वाईट वाटतं, खोटं का बोलू? कितीतरी वर्षं मी रोज तोच गळा परत मागत होते. ते मागणं कधी गळून पडलं, माझं मलाच कळलं नाही. सकाळी प्रभूजवळ जाऊन बसणं मात्र राहिलं. आता बऱ्याचदा मी काही मागतच नाही. चहा निवतो, ऊन ओट्यावर येतं, आणि तरीही उठावंसं वाटत नाही.