दोन मनगटांवरचा मुहूर्त

लोणी काळभोरच्या आमच्या घरात सगळी घड्याळं पाच मिनिटं पुढे असायची. सोलापूर रस्त्यावरची एसटी कुणाच्या बापासाठी थांबत नाही, असं वडील म्हणत आणि भिंतीवरचं काय, मनगटावरचं काय, प्रत्येक घड्याळ पुढे करून ठेवत. गंमत अशी की ही गोष्ट घरात प्रत्येकाला ठाऊक होती. त्यामुळे जो तो मनातल्या मनात पाच मिनिटं वजा करायचा आणि एसटी चुकायची ती चुकायचीच.

पुण्यात तेव्हा संगणकाच्या कंपन्या धडाधड उघडत होत्या. त्यातल्या एकीत मला नोकरी लागली आणि पलीकडच्या टेबलावर बसणारा अमरावतीकडचा एक शांत मुलगा मी नवरा म्हणून पसंत केला. वडिलांनी नकार दिला नाही. फक्त ते त्याला 'आपण' म्हणायला लागले.

यात वाईट काय, असं कुणालाही वाटेल. पण माझे वडील तलाठ्यालाही 'काय रं' म्हणणारे. 'आपण' त्यांनी राखून ठेवलं होतं ते रस्त्याकडेच्या जमिनीचा भाव विचारायला गाडीतून येणाऱ्या दलालांसाठी. आपण बसावं, आपण चहा घ्यावा, आपण आता निघावं. माझा होणारा नवरा घरी आला की अगदी त्याच सुरात त्याचंही आदरातिथ्य व्हायचं आणि माझं डोकं फिरायचं. लग्न होणार हे नक्की होतं. वडील त्याला आपला म्हणणार का, एवढाच मला घोर होता.

तशात घड्याळाचा विषय निघाला. आमच्याकडे लग्नात जावयाला घड्याळ देतात. मी घरात जाहीर करून टाकलं की ते घड्याळ मी माझ्या पगारातून घेणार.

"मग बाप कशाला हाय मांडवात? पत्रावळ्या उचलायला?" वडील म्हणाले.

बरीच धुसफूस झाल्यावर वडील, मी आणि होणारा नवरा अशा तिघांनी मिळून दुकानात जायचं ठरलं. बुधवार पेठेत रेडिओचे सुटे भाग विकणाऱ्यांच्या रांगेत एक चिंचोळं घड्याळांचं दुकान होतं, फार महाग नसलेल्या मालाचं. आम्ही काचेवर वाकून पाहत राहिलो तसे मालक वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "घ्यायचंय, की नुसती वेळ बघायचीय?" मी फणकारले. वडील मात्र खूश झाले. पुण्यात एवढं सरळ बोलणारा माणूस त्यांना पहिल्यांदाच भेटला होता.

वडिलांनी चावीचं एक घड्याळ उचललं, पांढऱ्या तबकडीचं, साधं. चावी देऊन आधी स्वतःच्या कानाला लावलं, मग माझ्या. रोज सकाळी चावी दिली तरच ते चालतं, म्हणजे त्याला माणसाची गरज असते, हे त्यांचं म्हणणं. त्यांच्या स्वतःच्या लग्नातलं घड्याळ अजून चालत होतं, हा पुरावाही त्यांनी मनगट पुढे करून दाखवला. होणाऱ्या नवऱ्याने मात्र काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्याचं डिजिटल मागितलं. त्यात दिवा होता, गजर होता, शर्यत मोजायची सोय होती. ते चुकत नाही, पावसात भिजलं तरी चालतं आणि किंमत निम्म्याहून कमी, असं त्याने हळू आवाजात सांगितलं. वडिलांनी ते दोन बोटांत धरून उलटंपालटं केलं. यात काटा नाही, टिकटिक नाही, मग जीव कुठे आहे, असं त्यांनी मला विचारलं. त्याला नाही, मला.

शेवटी मालकांनी वर्तमानपत्राची घडी केली. "हे बघा. चावीचं घड्याळ दिवसाला मिनिटभर मागेपुढे होणार, पण बिघडलं तर दुरुस्त होणार. हे दुसरं चुकणार नाही, पण बिघडलं की फेकायचं. जावई कसा हवाय ते तुम्ही ठरवा."

वडील खो खो हसले. मला वाटलं, चला, गाडी रुळावर आली. पण हसू आवरून ते त्याच्याकडे वळले आणि म्हणाले, "मग आपण कुठलं घेणार?" मी रागारागाने डिजिटल बांधून घेतलं. दुकानाबाहेर पडल्यावर वडिलांना एकदम पिशवी विसरल्याची आठवण झाली आणि ते परत आत गेले. पिशवी त्यांच्या काखेतच होती, पण मी तेव्हा इतकी फुरंगटले होते की माझं लक्षच गेलं नाही.

त्या पिशवीचा उलगडा सीमांतपूजनाच्या संध्याकाळी झाला. वडिलांनी सदऱ्याच्या खिशातून डबी काढली, आतल्या चावीच्या घड्याळाला चावी दिली, स्वतःच्या मनगटावर बघून वेळ लावली आणि ते जावयाच्या डाव्या हातावर बांधलं. "आपण रोज सकाळी चावी द्यावी," म्हणाले. उजव्या हातावर माझं डिजिटल आधीच होतं. दुसऱ्या दिवशी नवरदेव दोन्ही मनगटांवर घड्याळं बांधून बोहल्यावर उभा राहिला. माझ्या मैत्रिणी तोंडाला पदर लावून हसत होत्या.

लग्न लावायला कसबा पेठेतले गुरुजी होते. त्यांनी इतक्या लग्नांत घड्याळांवरून भांडणं पाहिली होती की त्यांनी आपला एक नियमच करून टाकला होता. सुरुवातीलाच ते म्हणाले, "घड्याळ आमच्याकडेही आहे, पण वेळ मुलीच्या वडिलांची." मंगलाष्टकं सुरू झाली. अंतरपाटाच्या अलीकडे मी, पलीकडे तो. वडिलांनी आपल्या मनगटाकडे पाहिलं, आपलं पुढे असतं हे आठवून मान हलवली आणि वाकून जावयाच्या डाव्या हातावरचं घड्याळ पाहिलं. नवं कोरं घड्याळ, ते कशाला चुकेल. त्यांनी हात वर केला. वेळ झाली.

आत्या स्वतः रचलेलं मंगलाष्टक म्हणायला नुकती पुढे आली होती. तिचा सूर घशातच राहिला. वाजंत्री वाजली, अक्षता पडल्या, अंतरपाट दूर झाला. मला दिसलं की नवऱ्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. आम्ही हार घातले. लोक अक्षता झटकत पंगतीकडे निघाले.

आणि थोड्या वेळाने त्याच्या उजव्या मनगटावर टी-टी, टी-टी सुरू झालं. या शहाण्याने मुहूर्ताचा गजर लावून ठेवला होता. तो बंद करायला गेला तर हार आडवा आला, बटण चुकलं आणि दिवा लागला. गुरुजींनी कमरेचं घड्याळ काढून पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "खरा मुहूर्त हा दिसतोय."

वडिलांनी स्वतःचं मनगट पाहिलं, मग जावयाचं डावं, मग उजवं. काय झालं ते त्यांच्या ध्यानात आलं तसा त्यांचा चेहरा उतरला. मुहूर्त चुकणं ही त्यांच्या लेखी साधी गोष्ट नव्हती.

"तुला म्हाईत होतं?" त्यांनी त्याला विचारलं.

"रात्रीच दिसलं, बाबा. पाच मिनिटं समोर आहे."

"मग काटा मागं घ्यायचा न्हाई का?"

"तुम्ही लावून दिलेली वेळ होती. मी कशी बदलू?"

वडिलांनी त्याच्या पाठीत एक सणसणीत थाप मारली. "अरं लेका, तोंडानं तरी सांगायचं! सासऱ्याला एवढं भ्यायचं असतंय व्हय?" आणि स्वतःच्या हाताने आमच्या दोघांच्या गळ्यातले हार उतरवून पुन्हा आमच्या हातात दिले. "मिनिट सरायच्या आत घाला परत. अक्षता उरल्यात का बघा कुणाकडं."

पंगतीतून माणसं धावत आली, काहींच्या हातात जिलबी होती. वाजंत्रीवाल्यांनी पिपाण्या पुन्हा तोंडाला लावल्या. आम्ही दुसऱ्यांदा हार घातले. मुहूर्त साधला गेल्यावर आत्याने वेळेची पर्वा न करता आपलं मंगलाष्टक पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. मी हसत होते आणि रडतही होते, कारण 'तुला' हा शब्द मी ऐकला होता. माझ्या हिशेबी लग्न तेव्हा लागलं.

पाचपरतावणाला माहेरी गेलो तेव्हा वडिलांनी जावयाकडून डिजिटल मागून घेतलं. अंधारात विहिरीवरची मोटार चालू करायला जावं लागतं, दिवा बरा पडतो, म्हणाले. बटणं शिकून घेतल्यावर पहिलं काम त्यांनी काय केलं असेल, तर ते पाच मिनिटं पुढे केलं.

चावीचं घड्याळ आजही माझ्या नवऱ्याच्या हातावर आहे. दोनदा दुरुस्त झालंय. खिशातला फोन सेकंदाचीही चूक करत नाही, तरी हा पठ्ठ्या रोज सकाळी चावी देतो, फोनमध्ये बघून घड्याळ नेमकं पाच मिनिटं पुढे लावतो आणि ऑफिसला उशिरा पोचतो. वडिलांचा फोन आला की ते आधी त्याच्याशी बोलतात. "काय रं, चावी दिली का?" असं विचारतात. माझी चौकशी त्यानंतर.