दोन हात माया

पोस्टमन दारातूनच परत फिरतो. आम्ही नेटवाले मात्र ड्रिल घेऊन पार आतल्या खोलीपर्यंत जायचो. तेव्हा बल्लारपुरात घराघरांत इंटरनेटची वायर यायची हॉलमध्ये, आणि प्रत्येकाला ती हवी असायची आपल्या खोलीत. मग किस्से साठणार नाहीत तर काय!

माझा भागीदार रफिकभाई, खानदानी शिंपी. खोलीत वायर पोचली की दोन हात जास्तीची गुंडाळून खिळ्याला टांगायचा आणि म्हणायचा, "माया सोडली." शिवणीत शिंपी जास्तीचं कापड सोडतात ना, ती माया. मी चिडायचो. तो म्हणायचा, "अरे, उद्या टेबल सरकलं तं?"

*

पेपर मिलमधल्या एकाच्या घरी आम्ही हॉलमधली लाईन दोन खोल्यांत वाटणारा डबा बसवला आणि वहिनींना सांगितलं, "हा स्विच आहे." दुसऱ्याच दिवशी तक्रार, नेट बंद! जाऊन बघतो तर डब्याची पिनच काढून ठेवलेली.

"तुमीच तं म्हणलं ना, स्विच आहे! काम झालं का आमी सगळे स्विच बंद करतो."

*

माजरीला कोळसा खाणीच्या क्वार्टरमध्ये रफिकभाईने चुकीच्या भिंतीला ड्रिल लावलं. भोक निघालं थेट शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरात! पलीकडून आधी एक डोळा दिसला, मग आवाज आला.

"आता भोक पाडलंच हाये तं आमच्याकडे बी द्या कनेक्शन!"

*

आता सगळीकडे वायफाय. भिंत फोडायला कोणी बोलावत नाही. रफिकभाई लेकीकडे हैदराबादला गेला. दुकानात मी अजून चहा दोन सांगतो आणि मग एक परत पाठवतो. फार आठवण येते त्याची.

*

वायरच्या त्याच दिवसांतल्या वासनिकबाई, रिटायर्ड शिक्षिका. मुलगा मिलिंद कॅनडात. कॉम्प्युटर हॉलमध्ये, पण बाईंना वायर हवी होती मिलिंदच्या बंद खोलीत.

मी म्हटलं, "बाई, तिथं तर कोणी राहत नाही."

"तो येईन ना! हॉलमध्ये पाहुण्यासारखा बसन काय?"

रफिकभाईने त्या दिवशी दोन नाही, दहा हात माया सोडली. भेंडोळं मीच खिळ्याला टांगलं.

मिलिंद येणार म्हटलं की बाई वायर तपासायला बोलवायच्या. आम्ही जायचो, टेस्टरचा दिवा लागायचा, बाई खूश व्हायच्या. दोन उन्हाळे तो आलाच नाही. तिसऱ्या उन्हाळ्यात आला, चार दिवसांसाठी. बाईंनी आम्हाला मुद्दाम चहाला बोलावलं.

त्याचा लॅपटॉप इतका पातळ की त्यात वायर लावायला जागाच नव्हती! खिळ्यावरचं भेंडोळं हातात घेऊन तो हसत म्हणाला, "आई, एवढी वायर काऊन सोडली?"

"माया हाये ते," बाई म्हणाल्या. "तू टेबल कुठी ठेवशीन, मले का माहीत!"