हंसराजाच्या शेजारी अळू

जिल्हा नवा झाला, नव्या कचेऱ्यांना माणसं लागली, म्हणून नांदेडहून माझी लातूरला बदली झाली. त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता. भाड्याच्या घरात नळ चार दिवसांनी यायचा, तोही पाऊण तास. घरात आम्ही चौघं. माझ्या मोजणीप्रमाणे रोज दीड घागर पिण्याला आणि तीन बादल्या बाकी सगळ्याला. एवढ्यात भागवायचं होतं आणि ते भागत होतं, मात्र त्याखेरीज दुसरं काही सुचत नसे.

अशात बायको अर्धापूरहून, तिच्या माहेराहून, ओल्या फडक्यात हंसराज बांधून घेऊन आली. नेच्याच्या जातीतलं हे झाड, काळ्या तारेसारखा दांडा आणि कोथिंबिरीसारखी पानं. तिच्या माहेरच्या विहिरीत दगडांच्या फटीत तो वाढायचा. खोकला झाला की तिची आई त्याचा काढा करायची. आई आदल्या वर्षी गेली. आता विहिरीचं पाणी तळाला गेलं आणि फटी कोरड्या पडल्या, म्हणून बायकोने भावाला आत उतरवून एक गड्डा दगडाच्या कपचीसकट काढून आणला होता. त्याला नऊ पानं होती.

"हा जगला पाहिजे," एवढंच ती म्हणाली.

घराच्या उत्तरेला, भिंत आणि कुंपण यांच्यामध्ये चार हात रुंदीची बोळ होती. तिथे ऊन येत नसे. हंसराज तिथे लावायचा हे ठरलं. पण एकट्या झाडाभोवतीची माती लगेच वाळते, त्याला सोबत हवी, असं मला वाटलं. मी कागदावर नावं लिहिली. गवती चहाला ऊन लागतं म्हणून तो खोडला. हळद उशिरा उगवते, तीही खोडली. पानओवा बायकोला हवा होता, कारण तो पसरून माती झाकतो. पण त्याला मोरीचं पाणी सोसेल की नाही याची मला खात्री नव्हती, आणि चांगलं पाणी तर उरतच नव्हतं. शेवटी अळू राहिला. आमच्याकडे तो मोरीच्या तोंडालाच लावतात, सांडपाण्यावर तो माजतो. मोरीचं पाणी रोज एक बादली निघायचं. एका पाण्यात दोन झाडं जगतील, असा माझा हिशेब.

अळू पंधरा दिवसांत गुडघ्याएवढा झाला. हंसराजाची पानं मात्र कडेने तांबूस पडू लागली. नवाची सात झाली, मग चार. पाणी कमी पडतंय असं धरून मी अंघोळीच्या सांडपाण्याची आणखी अर्धी बादली वाढवली. रोज सकाळी बायको बोळीत जायची आणि लगेच परत यायची. मी तिच्या पाठोपाठ जाऊन पानं मोजून यायचो.

शेजारी उदगीरकडच्या एक लिंगायत म्हातारबाई राहायच्या. सगळी गल्ली त्यांना अव्वा म्हणायची. रोज लिंगपूजा झाली की पूजेचं पाणी कुणाचा पाय पडणार नाही अशा जागी घालायचं, असा त्यांचा नेम. गल्लीतल्या नळाच्या रांगेने त्यांचं अंगण तुडवलं जायचं, म्हणून एक दिवस तांब्या घेऊन त्या आमच्या बोळीत आल्या. मी तेव्हा बादली ओतत होतो.

"भाऊ, कशाचं पाणी हाय हे?"

"मोरीचं. भांड्यांचं."

त्यांनी बोट बुडवून चोळून पाहिलं. "राख अन् सोडा. ह्याला घासायलात का काय तुम्ही? झाड हाय का पातेलं?"

"अळूला चालतंय की, अव्वा."

"अळू लई बेशरम हाय. त्याचं बघून ह्याला जेवू घालता व्हय?" मग आवाज ऐकून बाहेर आलेल्या बायकोकडे वळून म्हणाल्या, "पूजेचं पाणी मी रोज हितं घालीन. पर खरकटं पाणी हितं येणार न्हाई."

मी मनात मोजलं. त्यांचा तांब्या जेमतेम शेरभर, माझी दीड बादली. म्हणालो, एवढ्याने काय होणार. बायकोने बादली उचलून मोरीकडे नेली, मग खुरपं आणून अळू मुळासकट उपटला. दोन दिवस आम्ही अळूचं फतफतं खाल्लं. हंसराजाच्या चारी बाजूंनी तिने पानओवा टोचला. अव्वांच्या तांब्यावर तो हळूहळू पसरला आणि माती बोटाला गार लागू लागली. हंसराजाची दोन पानं उरली होती. महिन्याने मुठीसारखं वळलेलं एक नवं पान दिसलं. मी ते मोजणीत धरलं नाही. उलगडल्यावर धरलं.

दिवाळीनंतर मेव्हणा आला. विहीर खोल केली, आतून सिमेंट मारलं, असं त्याने जेवताना सांगितलं.

"मग फटी?" बायकोने विचारलं.

"बुजल्या, अक्का. तुझ्याकडचाच थोडा दे."

तिने माझ्याकडे पाहिलं. "किती हायत?"

"पाच," मी म्हणालो.

"दाजी तर पानंबी मोजून ठेवतात," मेव्हणा हसला.

ती उठली. उपटलेल्या अळूचे कंद तिने मोरीपाशी पुरून ठेवले होते. त्यातले तीन कागदात बांधून भावाच्या पिशवीत घातले.

"हे ने. ह्याला कसलंबी पाणी चालतं."