निघाले आत्या

आमच्या आत्यांना आमच्या घरात बसलेलं कुणीही पाहिलेलं नव्हतं. माझ्या नवऱ्याच्या, सुहासच्या, त्या सख्ख्या आत्या. म्हणजे हे घर त्यांच्या भावाचंच, कुणा परक्याचं नाही. तरी यायच्या त्या दारातच उभ्या राहायच्या. खांद्याला तपकिरी पर्स, एक हात चौकटीवर, एक पाय चपलेत आणि दुसरा अर्धा बाहेर. "बसत नाही गं, निघालेच," हे आल्याआल्याचं पहिलं वाक्य, आणि त्यानंतर तासभर गप्पा. चहासुद्धा उभ्यानंच, बशी चपलांच्या रॅकवर ठेवून. घरात सगळे त्यांना मागून 'निघाले आत्या' म्हणायचे आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मी लग्न होऊन इंदूरला आले तेव्हा मला वाटलं, नवी सून आग्रह करेल तर बसतील. मी केला. सोफ्यावरची उशी झटकून दाखवली, हाताला धरून ओढलं. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "अगं, खरंच टाइम नाहीये." सासरे, म्हणजे आमचे नाना, पेपरमागून बोलले, "सोड तो नाद. ताई ज्या दिवशी या घरात बसेल त्या दिवशी मी सगळ्या बिल्डिंगला जलेबी खिलवीन." नाना तसे कुणाला सुपारीचं खांड न देणारे. पैज हरायची धास्ती त्यांना मुळीच नव्हती. मला मात्र तेव्हापासून ध्यासच लागला, की एकदा तरी या बाईला बसवायचंच.

भंवरकुआंजवळ त्या एकट्या राहायच्या. तिथल्याच एका कोचिंग क्लासमध्ये वर्षानुवर्षं गणित शिकवत होत्या, अर्थात उभ्यानं. "शिकवणारा बसला की क्लास झोपतो," असं त्यांचं म्हणणं. सिटी बसमध्ये निम्म्या सीट रिकाम्या असल्या तरी त्या दांडा धरून उभ्या. कंडक्टर म्हणायचा, "मैडमजी, बैठ जाओ ना," आणि त्या म्हणायच्या, "बस, अगले स्टॉप पे उतरना है." त्यांचं उतरणं मात्र कितीतरी स्टॉपनंतर असायचं. घरी दोन खुर्च्या होत्या, त्यांवर पुस्तकांचे ढीग. लहान वयात नवरा तापानं गेला, मूलबाळ नाही, सासरचं कुणी विचारणारं नाही. पण रडगाणं कधी ऐकवलं नाही. पोरांचे रिझल्ट, कुठल्या दुकानात सेव कडक मिळते, कुणाची स्कूटी चोरीला गेली, सगळं त्या दारातल्या दारात सांगायच्या आणि जायच्या.

मग आमची मुलगी झाली. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, पण माझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून मी इंदूरलाच राहिले. पोरगी गोरीगोमटी, नाकेली, सगळं छान. फक्त तिला बसलेली माणसं चालायची नाहीत. तिला घेऊन कुणी चालत असलं तर डोळे मिटून गप्प. बूड टेकलं रे टेकलं की असा टाहो, की खालच्या मजल्यावरून विचारणा यायची. सोफ्याला आपलं वजन लागायच्या आतच तिला कसं कळायचं देव जाणे. सुहास उभ्यानं पोहे खायचा. नाना तिला खांद्यावर टाकून टीव्हीसमोर झुलत उभे राहायचे. सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत आली की ती दोन मिनिटं कान देऊन ऐकायची आणि आम्ही सगळे धपाधप बसून घ्यायचो. गाडी वळली की पुन्हा उठा.

माझं तर डोकं ठिकाणावर नव्हतं. अंगात त्राण नाही आणि पायांना थारा नाही. दुधासाठी तेवढी ती मांडीवर टिकायची. एरवी ती झोपली तरी मी पडू शकत नव्हते. श्वास चालतोय ना, हे बघायला उठायचं, पंखा जास्त वाटला म्हणून उठायचं, कमी केला की घाम आला का म्हणून पुन्हा उठायचं. पलासियातल्या माझ्या बँकेतून फोन यायचे, 'मैडम, वह फाइल कहाँ रखी है?' आणि मला आठवायचंच नाही. सासूबाई शेगडीत ओवा टाकून धुरी द्यायच्या, अळिवाचे लाडू समोर ठेवायच्या, म्हणायच्या, "सगळ्यांचं असंच असतं." ते खरं असेल, पण ऐकून माझा जीव आणखीच वर यायचा. घर नुसतं खायला उठायचं.

अशा एका सकाळी आत्या दारात उगवल्या. "बसत नाही गं, निघालेच, तोंड बघून जाते." मी तेव्हा रडकुंडीला आलेली. पुढचामागचा विचार न करता पोर त्यांच्या हातात दिली आणि म्हटलं, "आत्या, बसू नका. प्लीज बसू नका. फक्त हिला घेऊन उभ्या राहा." त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. त्यांना कुणी बसू नका म्हटल्याची ती पहिलीच वेळ असणार. मग त्यांनी चपला काढल्या. पर्स खांद्यालाच ठेवून हॉलमधून पॅसेज, पॅसेजमधून स्वयंपाकघर, तिथून गॅलरी आणि परत, अशी फेरी सुरू केली. दुसऱ्या फेरीला पोर शांत. "अरे वा! ही तर आपल्याच पार्टीची निघाली. इसको भी बैठना मंजूर नहीं!"

त्या दिवसापासून क्लास सुटला की आत्या हजर. फिरताना अंगाई म्हणायच्या नाहीत, येतच नव्हती. पाढे म्हणायच्या. तेही क्लासच्या आवाजात, खणखणीत. "सतराचा पाढा लावला की भल्याभल्यांना झोप येते," त्या म्हणायच्या, "ये तो फिर बच्ची है." आणि खरंच पोर झोपायची. मी सवयीनं त्यांच्या मागे मागे फिरत असायचे, दुपट्याचं टोक सावर, टोपडं नीट कर. एकदा त्या गर्रकन वळल्या. "अनघा, तू काय रांगेत उभी आहेस माझ्या मागे? एक जण ड्यूटीवर असला की दुसऱ्यानं झोपायचं असतं. चल, जा." क्लासमध्ये पोरं का ऐकत असतील ते मला तेव्हा कळलं. मी गेले आणि बाळंतपणानंतर पहिल्यांदा गाढ झोपले. त्या एका झोपेसाठी मी त्यांची जन्मभर ऋणी आहे.

सव्वा महिना झाल्यावर बारसं ठरलं. बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्यानं. सुहासला बहीण नाही. मी धरूनच चालले होते, की नाव निघाले आत्या सांगणार. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "देवासच्या पल्लवीला बोलावलंय. चुलत का होईना, नणंद आहे तुझी." मी विचारलं, "आणि घरातल्या आत्या?" सासूबाई लसूण सोलत होत्या, त्या मान वर न करता म्हणाल्या, "माझं काही नाही गं. पण बायका येणार, हळदीकुंकू, ओटी. कुणी काही बोललं तर वन्सांनाच लागेल. उगाच कशाला?" त्यांच्या मनात वाईट नव्हतं, हे मी आजही सांगेन. पण माझ्या डोक्यात तिडीक गेली.

दुपारी आत्या आल्या आणि फेरी घालता घालता स्वतःच म्हणाल्या, "बारशाला मी दारातूनच बघून निघेन हं. क्लास आहे." बारसं तर रविवारी होतं. मी म्हटलं, "आत्या, रविवारी कुठला क्लास? खरं सांगा. तुम्ही कुठेच का बसत नाही?"

त्या थांबल्या नाहीत. फेरी चालूच ठेवली आणि मी सोबत चालत ऐकत गेले. "हे गेले त्याच्या पुढच्याच वर्षी एका बारशाला गेले होते. मस्त पुढे जाऊन बसले, पाळण्याजवळ. तेव्हा काही डोक्यातच नव्हतं. एक नवी नवरी मुलगी हळदीकुंकवाची थाळी घेऊन लाइनीत येत होती. माझ्यासमोर आली आणि थांबली. लावू की नको, तिला बिचारीला कळेना. हात तसाच वर. सगळा हॉल बघतोय. मग मीच उठले, म्हटलं, निघालेच." गॅलरीत पोहोचून त्यांनी पोरीला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "पुढे दोनचार ठिकाणी असंच झालं. मग म्हटलं, उठायचंच आहे तर बसायचं कशाला?" आणि लगेच पुढचा पाढा सुरू केला. मला मात्र पुढचं काही ऐकूच येईना.

बारशाच्या दिवशी हॉल बायकांनी गच्च भरला. पाळण्याला मोगऱ्याच्या माळा. आत्या आल्या, पर्ससकट, चौकटीला हात लावून उभ्या. सासूबाई लगबगीनं गेल्या. "वन्सं, तुमच्यासाठी गॅलरीत खुर्ची ठेवलीय, नानांच्या शेजारी. इथे गर्दीत त्रास नको." गॅलरीत सगळे पुरुष बसलेले. आत्या हसून म्हणाल्या, "नको वहिनी, निघालेच." पण या खेपेला त्यांचा चपलेतला पाय खरंच बाहेर वळला. मला ते लांबून दिसलं.

इकडे मुलीला पाळण्यात ठेवलं आणि तिनं भोकाड पसरलं. पल्लवी वाकून नाव सांगायला बघतेय, तर पोर हातपाय झाडतेय. बायका टाळ्या वाजवतायत, कुणी खुळखुळा वाजवतंय. शेवटी पल्लवी सरळ उभी राहिली. मोकळ्या स्वभावाची पोरगी. "वहिनी, ये अपने बस का नहीं. आत्यांना बोलवा ना. रोज तर त्याच सांभाळतात म्हणे!"

मी दाराकडे धावलेच. "आत्या, चला." त्या मागे सरकल्या. पाळण्यातलं रडणं टिपेला पोहोचलेलं. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या क्षणभर तशाच उभ्या होत्या, आणि मग पुढे आल्या. आत्यांच्या खांद्यावरची पर्स काढून घेतली आणि स्वतःच्या खांद्याला अडकवली. "बसा वन्सं," त्या म्हणाल्या. "पाळण्याजवळ पाट मांडलाय. घ्या तिला मांडीवर."

आत्या बसल्या. सवय नसलेल्या माणसासारख्या, आधी एक हात जमिनीला लावून, मग कुरकुरत्या गुडघ्यांना सांभाळत. मी मुलगी त्यांच्या मांडीवर दिली. ती गप्प होईल असं सगळ्यांना वाटलं होतं. छे! या बसल्या म्हणून तर ती आणखी चिडली. रोज फिरवणारं माणूस आज बसतंच कसं? हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. मला ठाऊक होतं, आता त्या उठणार. त्यांचा हात जमिनीकडे गेलासुद्धा. मी खाली वाकून त्यांच्या कानात नाव सांगितलं, "रेवा."

"रेवा?" त्या म्हणाल्या. "नर्मदेचं नाव! मग कशाला एका जागी राहतेय ही!" आणि जमिनीवरचा हात उचलून त्यांनी पोरीच्या डोक्याखाली घेतला. त्या भोकाडातच तिच्या कानाशी तोंड नेऊन, उठून न जाता, त्यांनी नाव सांगितलं.

नाव सांगितलं की बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घालायचे ही रीत. एक क्षण कुणाचाच हात पुढे येईना. मग पहिला धपाटा बसला, चांगला सणसणीत. तो सासूबाईंचा होता, तपकिरी पर्स खांद्याला तशीच. त्यामागून पल्लवीचा, माझा, खालच्या मजल्यावरच्या काकूंचा, सगळ्यांचेच. आत्या वाकून मुलीला सांभाळत हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "अगं हळू, म्हातारीला माराल!"

थाळी फिरली ती सासूबाईंच्याच हातात होती. पल्लवीला लावलं तसं त्यांनी आत्यांना कुंकू लावलं आणि पुढच्या बाईकडे वळल्या. जरासुद्धा थांबल्या नाहीत. रडून रडून रेवा तोवर आत्यांच्या मांडीवरच झोपून गेली होती. बायका जेवायला उठल्या तरी आत्या तिथेच. मी म्हटलं, "निघायचं ना?" त्या कुजबुजल्या, "कशी निघू? उठेल ना ही." नाना मुकाट्यानं चपला घालून बाहेर गेले आणि जलेबीचे पुडे घेऊन आले. बिल्डिंगमध्ये कुणालाच कळलं नाही, की ही कशाची जलेबी.

मी बँकेत परत रुजू झाले ते आत्यांच्या भरवशावर. सोफ्यावर त्या शेवटपर्यंत बसल्या नाहीत, पण पाटावरची जागा त्यांची झाली. रेवा रांगत येऊन त्यांच्या मांडीत शिरायची. बसलेली माणसं तिलाही हळूहळू चालायला लागली.

गेल्या वर्षी, एका दुपारी, स्वतःच्या घरी, झोपेतच त्या गेल्या. पुस्तकांचे ढीग उतरवून एक खुर्ची रिकामी केलेली होती, असं सुहासनं सांगितलं. मला राहून राहून एकच गोष्ट छळते. जन्मभर 'निघालेच' म्हणून तासभर थांबणारी बाई, आणि त्या दिवशी मात्र काही न बोलता निघून गेली.

रेवा आता तीन वर्षांची आहे. ती तपकिरी पर्स तिनं मागून घेतली. सकाळी मी बँकेत जायची गडबड करत असते तेव्हा ती पर्स खांद्याला लावून, एका पायात माझी चप्पल घालून, चौकटीला हात टेकून उभी राहते. "निघालेच," म्हणते आणि हलत नाही. काल सासूबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या, तिच्या खांद्यावरची पर्स काढून आपल्या खांद्याला अडकवली आणि पाट पुढे सरकवला. "बसा वन्सं," त्या म्हणाल्या.