पस्तीस मैलांचा माणूस

लढाईवरून परतलो तेव्हा मिरजगावात माझी वाट पाहणारं कुणी उरलं नव्हतं. मी ब्रह्मदेशात असतानाच आई गेली. लग्न राहून गेलं होतं, ते राहूनच गेलं. पलटणीत बिनतारी संदेश पाठवायचं काम केलं होतं, तेवढी एकच विद्या अंगात होती. म्हणून हौशी रेडिओचा परवाना काढला, लष्करी भंगारातून यंत्र जमवलं, दोन लिंबांच्या मध्ये तार ताणली आणि रोज संध्याकाळी संदेशाची चावी खटखटवत बसू लागलो. शेजारच्या काकू कुंपणावरून विचारायच्या, "भाऊ, आज बोललं का कुनी?" बहुतेक वेळा मान हलवून नाही म्हणावं लागायचं.

नेमानं बोलणारा एकच होता, पलटणीतला माझा दोस्त. नगरच्या बाजारात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. आमच्या गावात वीज नव्हती, त्यामुळे बॅटरी भरून घ्यायला मी मोटारीनं त्याच्याच दुकानी जायचो आणि ती भरेपर्यंत त्याच्या घरी जेवायचो. एरवी दिवेलागणीला मोर्सच्या टिंबा-रेघांत गप्पा व्हायच्या. भाषा मराठीच, अक्षरं तेवढी इंग्रजी. विषय तरी काय, कांद्याचा भाव, त्याच्या मुलीचा खोकला, माझी करपलेली भाकरी. पण त्या गप्पा नसत्या तर मला वेड लागलं असतं, हे सरळच सांगतो.

मुंबईची हौशी मंडळी वर्षातून एकदा चढाओढ ठेवायची. दिवसभरात जमतील तेवढ्या लोकांना गाठायचं आणि मैलाला एक गुण. नियम ऐकून माझं डोकंच फिरलं. म्हणजे कोलंबो सोन्याचं आणि नगर मातीमोल. खरं तर आमच्या कामात लांबचा माणूस सोपा असतो. लाट आभाळात चढते आणि पार पलीकडे उतरते, गोफणीचा दगड जवळच्या वाफ्यावरून उडून लांबच्या शेतात पडावा तशी. मधली माणसं कोरडीच राहतात. कोलंबो मला पहिल्याच दिवशी सापडलं होतं. नगरसाठी मात्र मी तार कितीदा उतरवली, लांबवली, पुन्हा चढवली, त्याला सुमार नाही. ती मेहनत कुठल्या गुणांत मोजणार होते हे लोक?

दोस्ताच्या दुकानात बसून मी चढाओढीच्या कमिटीचा उद्धार करत होतो. तो हातातलं काम न सोडता हसला. "आरं, कोलंबो कुनालाबी घावतंय. मला गाठून दाव म्हनावं." मग म्हणाला, "पर तू चढाओढीत माज्यामागं येळ घालवू नगंस. पस्तीस मैलांचा मानूस मी. पस्तीसच गुन."

मी ऐकलं नाही. त्या वर्षी पहिली हाक त्यालाच दिली आणि सपाटून मार खाल्ला.

मग फाळणी झाली. त्याच्या सासरची मंडळी कराचीला गेली, बायकोचा जीव तिकडे अडकला आणि एक दिवस तोही दुकान आवरून निघाला. जाण्याआधी माझी बॅटरी भरून ठेवली होती. त्यानंतर मी नगरला जाणं टाळू लागलो, बॅटरी करमाळ्याला नेऊ लागलो. दिवेलागणीला चावीपाशी बसायचो, पण हात उचलत नसे. घर खायला उठायचं. काकूंनीही विचारणं सोडून दिलं.

पुढच्या चढाओढीला बसलो ते एवढ्याचसाठी, की त्या दिवशी कुणी ना कुणी उत्तर देतंच. उत्तर म्हणजे काय, तुमचं कसं ऐकू येतंय त्याचा एक आकडा आणि स्वतःचं गाव. खुशाली विचारली तर समोरचा चिडतो. दुपारपर्यंत रंगून, सिंगापूर, कोलंबो अशी गावं मिळाली, माणूस एकही मिळाला नाही.

उन्हं कलल्यावर एक नवी हाक ऐकू आली. प्रत्येक केंद्राला सरकारकडून अक्षरांची एक खूण मिळते. ही खूण पाकिस्तानची होती, माझ्या ओळखीची नव्हती. पण हात ओळखीचा होता. चावीवर प्रत्येकाचा हात वेगळा पडतो आणि याची शेवटची रेघ नेहमी लांबायची. पलटणीत त्यावरून त्यानं पुष्कळ बोलणी खाल्ली होती. नियमाप्रमाणे मी आकडा दिला, मिरजगाव कळवलं. त्यानं आकडा दिला आणि गाव कळवलं: नगर.

मी पुन्हा विचारलं. पुन्हा नगरच आलं. पाठोपाठ नियम मोडून त्यानं विचारलं, "भाकरी करपतीय का अजून?"

"करपते," मी कळवलं. तेवढ्यात दुसऱ्या कुणाच्या तरी जोरकस हाकेखाली तो बुडाला, तो पुन्हा सापडला नाही.

कमिटीला पाठवायच्या नोंदवहीत जे ऐकू येईल तेच लिहायचं, असा चढाओढीचा दंडक. मी लिहिलं, नगर, पस्तीस मैल. कराची साडेसहाशे मैलांवर आहे हे मला ठाऊक नव्हतं असं नाही.

महिन्याभरानं कमिटीचा निरोप आला. आपण अंतर नजरचुकीनं कमी लिहिलं आहे, सदर केंद्र कराचीचं असल्यानं गुण वाढवून दिले आहेत. त्या वाढीव गुणांवर माझा दुसरा नंबर आला, प्रशस्तिपत्रकही आलं. अंतर कमी लिहिलं म्हणून कान उपटले गेलेला त्यांच्याकडचा मी एकटाच असेन.

ते भारी कागदाचं प्रशस्तिपत्रक काकूंनी उलटंसुलटं करून पाहिलं.

"लई लांबचं कुनी घावलं वाटतं, भाऊ?"

"व्हय काकू," मी म्हणालो, "लई लांबचं."