वरचा खिळा

निम्मे दालोकंद सोलून झाले होते, बाकीचे टोपलीत तसेच पडले होते. अलुमिताचा हात थांबला होता, कारण पायरीवर बसलेली तिची नणंद मेरेओनी खांबाकडे बघून हसत होती.

"माझ्या भावानं हा वरचा खिळा शिडी लावून ठोकला का गं? त्या वादळात मी याच खांबाला धरून उभी होते. पाणी कमरेला होतं. खिळा तर छातीशी आहे. मी काही आटले नाही, उलट पसरलेच आहे."

लामी गावाच्या त्या खाडीकाठी नणंद-भावजयींनी एकमेकींना टोचलं नाही, तर लोकांना काळजी वाटते. पण अलुमिता हसली नाही.

तिचा नवरा जोसातेकी जिवंत होता तोवर मोठं पाणी आलं की खांबात एक खिळा ठोकायचा. काल नगरपालिकेची बाई ते तिन्ही खिळे जमिनीपासून मोजून गेली. किनाऱ्याला भिंत घालायची होती, जिथं पाणी जास्त चढलं तिथं आधी. वरच्या खिळ्यामुळे पहिला मान अलुमिताच्या ओळीतल्या घरांना मिळाला, पलीकडचा काठ मागे पडला.

आता तिनं खांबाच्या बुडाशी पाहिलं. त्या वादळानंतर चर्चमधल्या माणसांनी घर उचलून प्रत्येक खांबाखाली सिमेंटचे ठोकळे सारले होते. खांब वर गेला, त्याच्याबरोबर खिळाही. खालचे दोन खिळे नंतरचे, म्हणून खरे. काल तिनं वरचाच मोठ्या तोऱ्यात दाखवला होता.

मेरेओनीच्याही ध्यानात आलं. ती हळूच म्हणाली, की कुणी विचारलं नाही तर बोलायचं कशाला.

गेल्या भरतीला इथं फक्त पायरी ओली झाली होती. पलीकडच्या काठावर राहणाऱ्या इलिसापेथीची चूल बुडाली. रविवारी चर्चमध्ये ती आणि अलुमिता एकाच बाकावर बसून प्रार्थना म्हणत. पण भिंत मागे पडली तर आपल्या हयातीत ती होईल का, जोसातेकीचं घर टिकेल का, हेही अलुमिताला डाचत होतंच. शेवटी तिनं दोरीनं ठोकळ्यांची उंची मोजली. दोन विती भरल्या.

"आणि घरात पाणी शिरलं तर?" मेरेओनीनं विचारलं. "देव येणार आहे बादली घेऊन?"

"तो नाही आला तर तू येशील. नणंद आहेस माझी."

मेरेओनीनं तोंड वाकडं केलं, पण सुरी उचलून कंद सोलायला घेतला.

अलुमितानं दोरीला गाठ मारली. आता बस धरून नगरपालिकेत जायचं आणि वरच्या खिळ्याच्या मापातून दोन विती कमी करून घ्यायच्या.