उभ्या मुख्याध्यापिका

आमच्या अन्नपूर्णा मंदिराजवळच्या शाळेच्या नव्या मुख्याध्यापिका याच शाळेत शिकल्या. पालकांना झापताना त्यांचा आवाज फाटकापर्यंत जातो; पण गणिताचे सर आत आले की बाई ताडकन उभ्या! लहानपणी त्या सरांच्याच वर्गात होत्या ना. त्या उभ्या, म्हणून सरही बसत नाहीत. मग आम्ही बाकीचेही उभ्यानंच चहा पितो.

परवा सरांना ऐकू कमी येतं म्हणून दहावीचा वर्ग त्यांच्याकडून काढून घ्यायचा होता. मी चित्रकलेचा मास्तर, बाईंच्या खोलीत सुविचार रंगवत होतो. सर आत आले. बाई उभ्या, ओढणीला पीळ घालताहेत.

"सर, वो... दहावीचं जरा..."

"बस खाली!" सर वर्गातल्या आवाजात गरजले.

बाई झटकन बसल्या.

"हां, आता मोठ्यानं बोल."

"सर, दहावी आता दुसऱ्या कोणाला देते."

"दे की! मी काय, सातवी घेतो." सरांनी खुर्ची ओढली आणि ते पहिल्यांदाच बाईंसमोर बसून चहा प्यायले. जाताना दारात थांबून म्हणाले, "येतो, मॅडम."

बाई पुन्हा ताडकन उभ्या!